तळहातावर मावणाऱ्या ट्रेल कॅमेऱ्याची पारख कशी करावी?

प्रश्न – काजूबाग, संगमेश्वर

सर्वांना नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात डोंगरउतारावर आमची साडेचार एकरांची काजू-आंब्याची बाग आहे. खालच्या अंगाने पऱ्या वाहतो आणि त्याच्या पलीकडे सुपारीचे लहानसे आगर आहे. बागेला तिन्ही बाजूंनी जांभ्याचा गडगा आहे, पण त्याला दोन-तीन ठिकाणी खिंडारे पडली आहेत. गेली तीन वर्षे परड्यातला सुरण आणि कणगर रात्रीतून उकरला जातो आणि नव्याने लावलेल्या सुपारीच्या रोपांचे कोंब खाल्ले जातात. वडील म्हणतात हे साळिंदराचे काम आहे, गडी म्हणतो डुकराचे. शेजारच्या वाडीतून गेल्या पावसाळ्यात दोन कुत्री नाहीशी झाली, तेव्हापासून बिबट्याचीही चर्चा आहे.

नेमके कोण येते आणि किती वाजता येते हे कळल्याशिवाय कुंपणावर खर्च करण्यात अर्थ नाही, असे वाटून फेब्रुवारीच्या अखेरीस मी एक छोटा ट्रेल कॅमेरा, म्हणजे झाडाला बांधून ठेवला की समोरून प्राणी जाताच आपोआप छायाचित्र काढणारा कॅमेरा, विकत घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एका नगाची तक्रार करायची नसून अशा कॅमेऱ्याची पारख कशी करतात ते समजून घ्यायचे आहे. कॅमेरा चार पेन्सिल सेलवर चालतो आणि त्याचे वजन मुठीतल्या दगडाएवढे आहे. खोक्यावर ३६ मेगापिक्सेल, ०.२ सेकंदात छायाचित्र आणि रात्री २० मीटरपर्यंत प्रकाश असे लिहिलेले आहे.

कॅमेरा मी वरच्या खिंडारासमोर काजूच्या खोडाला कमरेच्या उंचीवर बांधला. खिंडारापासून तो जेमतेम दीड मीटरवर होता आणि वाटेच्या अगदी काटकोनात होता. वडिलांच्या सांगण्यावरून खिंडाराच्या तोंडाशी हातभर रुंदीच्या पट्ट्यात माती चाळणीने चाळून पसरली. ते पूर्वी कोंबड्यांच्या खुराड्यापुढे अशीच माती टाकत असत. रोज सकाळी मातीवरचे ठसे पाहून वहीत नोंद केली आणि माती पुन्हा सारखी केली. कार्ड मात्र वीस दिवसांनी एकदमच काढले.

वही आणि कार्ड शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मी थोडा खचलो. साळिंदराचे ठसे सहा रात्री होते, छायाचित्रे दोनच रात्रींची. डुकरे चार रात्री आली आणि चारही वेळा टिपली गेली, पण तीन वेळा फक्त मागचा भाग आणि शेपूट दिसते. एका पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी बिबट्या गेला आहे, त्याचा मागचा पाय आणि शेपटी आली आहे, आणि अंगावरचे ठिपके धुरकट पुसल्यासारखे दिसतात. याउलट दुपारी अकरा ते चार या वेळेत वाऱ्याने हलणाऱ्या गवताची चारशेवर छायाचित्रे निघाली.

हा दोष कॅमेऱ्याचा आहे की माझ्या बांधण्याचा, हे कसे ओळखावे? इंटरनेटवरची परीक्षणे वाचली, पण ती बहुतेक अमेरिकेतील शिकाऱ्यांनी लिहिलेली आहेत आणि त्यांत अशाच लहान कॅमेऱ्यांची खूप प्रशंसा आहे. आणखी तीन नग घ्यायचे की हाही परत करायचा, ते मला या महिन्यात ठरवायचे आहे. एका शेजाऱ्याने या कॅमेऱ्याचा डुकराच्या शिकारीला उपयोग होईल का, असेही विचारले आहे. त्याला काय उत्तर द्यावे तेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर – पाणवठ्यावरची पाटी

आपण माती चाळून पसरली, ती या संपूर्ण परीक्षणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. कॅमेऱ्याने काय टिपले ते कार्ड सांगते, पण काय चुकवले ते कार्ड कधीच सांगत नाही. बाजारातील बहुतेक परीक्षणे आलेल्या छायाचित्रांवरूनच लिहिलेली असतात. आपल्याकडे चुकलेल्या प्राण्यांचीही नोंद आहे, म्हणून आपल्या वीस दिवसांच्या वहीला मी अशा शंभर परीक्षणांपेक्षा जास्त किंमत देईन.

मी विदर्भात व्याघ्रगणनेच्या कामात काही हंगाम स्वयंसेवक म्हणून कॅमेरे लावले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, आपल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक मांडणीच्या आहेत.

कॅमेऱ्याच्या पोटात असलेला संवेदक प्राणी पाहत नाही. तो उष्णतेतला फरक आणि त्या फरकाची हालचाल ओळखतो. त्याच्यापुढचे घुमटासारखे प्लास्टिकचे भिंग समोरचा परिसर अनेक उभ्या पट्ट्यांत विभागते, आणि भोवतालापेक्षा उबदार असलेली वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की कॅमेरा जागा होतो. साळिंदराचे अंग काट्यांनी आणि राठ केसांनी झाकलेले असल्यामुळे त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाची ऊब फारशी जाणवत नाही. त्यातच तो बुटका. कमरेच्या उंचीवरच्या कॅमेऱ्याने दीड मीटरवर पाहिले, तर साळिंदर त्या पट्ट्यांच्या खालूनच निघून जातो. व्याघ्रगणनेत कॅमेरा साधारण गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे ४० ते ४५ सेंटिमीटरवर बांधतात. आपणही तेवढाच खाली आणा आणि वाटेपासून तीन ते चार मीटर मागे घ्या.

डुकराचा मागचा भाग येण्याचे कारण काटकोन हे आहे. काटकोनात संवेदक उत्तम चालतो, पण प्राणी चौकटीतून फार लवकर बाहेर पडतो. वाट समोरून सरळ कॅमेऱ्याकडे येत असेल तर प्राणी चौकटीत बराच वेळ राहतो, पण एकाच पट्ट्यात चालत आल्याने संवेदक उशिरा जागा होतो. म्हणून वाटेशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवावा. कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे ठेवता आले तर उत्तम, नाहीतर दक्षिणेकडे ठेवा. पूर्व-पश्चिम टाळा, कारण सकाळ-संध्याकाळ सूर्य थेट भिंगात येतो. समोरचे तीन-चार मीटरपर्यंतचे गवत विळ्याने बुडापासून कापा. उन्हाने तापलेले गवताचे पाते वाऱ्याने हलले की संवेदकाच्या दृष्टीने तो एक उबदार प्राणीच असतो.

आता खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. ०.२ सेकंदाचा दावा घरी तपासता येतो. कॅमेऱ्यात चाचणीची सोय असेल, तर संवेदक जागा झाला की पुढचा छोटा दिवा लुकलुकतो. आधी अगदी सावकाश चालत जाऊन तो दिवा नेमका कोठे लागतो ते पाहा आणि तेथे जमिनीवर चुन्याची रेघ ओढा. तेथून पुढे एकेका फुटावर रेघा मारा. मग कॅमेरा चालू करून नेहमीच्या चालीने जा. माणूस सेकंदाला सव्वा ते दीड मीटर चालतो. दावा खरा असेल तर छायाचित्रात आपला पाय पहिल्या रेघेच्या आसपास दिसला पाहिजे. तो चौथ्या-पाचव्या रेघेवर दिसला तर कॅमेरा एक सेकंद घेतो असे समजावे. हीच चाचणी रात्री करा, आणि चित्रफितीच्या सोयीसाठी वेगळी करा, कारण चित्रफीत सुरू व्हायला बहुतेक कॅमेऱ्यांना छायाचित्रापेक्षा जास्त वेळ लागतो. दोन छायाचित्रांमधला वेळही मोजा. डुकरांचा कळप जात असताना पहिले डुक्कर टिपून कॅमेरा पाच-सहा सेकंद झोपला, तर पिल्ले किती होती ते कळतच नाही.

३६ मेगापिक्सेलकडे लक्ष देऊ नका. स्वस्त लहान कॅमेऱ्यांत चित्र टिपणारा संवेदक (वर सांगितलेला उष्णतेचा नव्हे) बहुधा त्याच्या काही अंशांएवढाच असतो आणि उरलेले बिंदू गणिताने भरलेले असतात. धारिका (फाइल) जड होते, कार्ड लवकर भरते, तपशील मात्र वाढत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे एक पान पाच मीटरवर टांगून सर्वांत मोठ्या आणि मधल्या अशा दोन्ही आकारांत छायाचित्र काढा. तारखेखालची बारीक अक्षरे दोन्हींत सारखीच वाचता येत असतील, तर मधला आकार ठेवावा.

बिबट्या धुरकट आला हा मात्र लहान कॅमेऱ्याचा खरा तोटा आहे. अंगावर दिवे कमी, त्यामुळे प्रकाश कमी, म्हणून रात्री झडप (शटर) जास्त वेळ उघडी राहते आणि चालता प्राणी फिसकटतो. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके पाहून एकेक प्राणी वेगळा ओळखायचा असतो, म्हणून गणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण डाव्या-उजव्या अंगावरची नक्षी वेगवेगळी असते, आणि अनेकदा पांढऱ्या लखलखाटाचे (फ्लॅशचे) कॅमेरे वापरतात. आपल्याला बिबट्या नुसता आहे की नाही एवढेच हवे असेल तर हा कॅमेरा पुरेल. एकच येतो की दोन, हे विचारायचे असेल तर पुरणार नाही.

गवताच्या चारशे छायाचित्रांनी निराश होऊ नका. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे जमा झाली. त्यांत वाघांची ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७ होती.

उत्तर – ओतूरचा ऊसकरी

वरील उत्तर वाचून मलाही माझ्या दोन चुका कळल्या. आमच्या जुन्नर भागात ऊस आणि बिबट्या ही नित्याची गोष्ट आहे, त्यामुळे गोठ्याच्या मागे आणि विहिरीच्या वाटेवर मी चार वर्षे असे कॅमेरे लावतो आहे. मी फक्त सेल आणि पाणी या दोन गोष्टींवर लिहितो, कारण छोट्या कॅमेऱ्याचे आयुष्य तेथेच ठरते.

चार सेलच्या कॅमेऱ्याला आठ सेलच्या कॅमेऱ्यापेक्षा निम्मी शिदोरी मिळते. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टने सुरू होतो आणि हळूहळू उतरत जातो. दिवसा छायाचित्रे ठीक येतात, पण रात्री दिव्यांना एकदम जास्त वीज लागते आणि प्रकाश आठ मीटरवरून पाच, पाचवरून तीन असा आखडत जातो. कार्डावर काळोखी चित्रे दिसू लागली की सेल उतरले असे समजावे, मग पडद्यावरची खूण काहीही दाखवो. पुन्हा भरता येणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, म्हणजे चार मिळून ६ ऐवजी ४.८ व्होल्ट. काही कॅमेरे त्यावर उत्तम चालतात, काही पहिल्या दिवसापासून सेल संपल्याचे सांगतात. तीन नग घेण्याआधी आपल्या नगात ते घालून पाहा. लिथियमचे सेल महाग पडतात, परंतु ते शेवटपर्यंत जोर टिकवतात आणि गळत नाहीत. जुने-नवे सेल एकत्र घालू नका.

आमच्यापेक्षा तुमच्या कोकणात पाणी हा मोठा शत्रू आहे. एका जुलैमध्ये माझ्या एका कॅमेऱ्याच्या दाराच्या रबरी कडेला गवताची एक काडी अडकली होती, केसाएवढी. महिन्याभराने उघडला तेव्हा सेलच्या खोबणीत हिरवट बुरशी आणि काळ्या मुंग्यांची अंडी होती. त्या दिवसापासून दार लावताना मी रबरावरून कोरडे बोट फिरवतो, वर्षातून एकदा त्याला सिलिकॉनचे वंगण लावतो, आत सिलिका जेलची पुडी ठेवतो आणि वर पत्र्याची छोटी पडवी काढतो. पाऊस पडत असताना कॅमेरा उघडायचा नाही हा नियम घरात सर्वांना सांगून ठेवा. कोळी भिंगासमोर जाळे विणतो आणि रात्री तेच पांढरे चमकते, म्हणून आठवड्याने एकदा मऊ फडक्याने पुसावे लागते.

कार्ड बहुतेक लहान कॅमेऱ्यांना ३२ जीबीपर्यंतचेच रुचते, आणि ते संगणकावर पुसण्यापेक्षा कॅमेऱ्यातच पुसावे. सेल बदलले की तारीख-वेळ तपासा. दर वेळी पहिले छायाचित्र जागा आणि तारीख लिहिलेल्या पाटीचे काढण्याची सवय ठेवली, तर पुढे घोटाळा होत नाही.

बिबट्याबद्दल मनात धास्ती असेल तर एक गोष्ट सांगावीशी वाटते. अकोले तालुक्यातील ऊसशेतीच्या खोऱ्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे दर १०० चौरस किलोमीटरला ४.८ बिबटे असल्याचा त्यांचा अंदाज होता, आणि तेही माणसांची भरपूर वस्ती असलेल्या भागात. तेव्हा तुमच्या खिंडारातून पहाटे एक बिबट्या गेला, तो बहुधा अनेक वर्षे जातच असावा. फरक एवढाच की आता आपल्याला ते माहीत आहे.

उत्तर – लेहाय खोऱ्यातून

मूळचा मी कोल्हापूर जिल्ह्याचा, पण गेली सोळा वर्षे पेनसिल्व्हेनियात राहतो आणि परवाना घेऊन हरणांची शिकार करतो. आपण वाचलेली परीक्षणे लिहिणाऱ्यांतलाच मी एक आहे असे म्हणावे लागेल, म्हणून ती कशी वाचावीत ते सांगतो.

येथील शिकारी कॅमेरा पारखतो तो पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी. नराची उंची खांद्याशी मीटरभर असते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून कॅमेरे लागतात, नोव्हेंबरमध्ये माजाचा काळ येतो आणि बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी सुरू होतो. म्हणजे निर्णायक महिन्यांत बाहेर पाच अंश किंवा शून्याखाली तापमान असते, आणि हरणाचे ऊबदार अंग त्या गार पार्श्वभूमीवर संवेदकाला दिव्यासारखे दिसते. मी स्वतः लिहिलेल्या एका परीक्षणात पंचवीस मीटरवरून प्राणी टिपल्याची नोंद आहे. तोच कॅमेरा एका एप्रिलमध्ये मी गावी नेला आणि आमच्या बांधावर लावला. दुपारी दहा मीटरवरून गेलेली म्हैससुद्धा त्याने दोनदा सोडली. कॅमेरा बिघडला नव्हता. तापलेल्या जमिनीचे आणि म्हशीच्या पाठीचे तापमान इतके जवळ आले होते की संवेदकाला फरकच मिळाला नाही. आमच्या परीक्षणांतले अंतराचे आकडे आपण निम्म्याने कमी करून वाचावेत, आणि दुपारपुरते तर त्याहून कमी.

तसेच रात्री छायाचित्रासाठी कॅमेरा जो प्रकाश टाकतो तो अदृश्य (अवरक्त) असण्याला आमच्याकडे फार महत्त्व देतात. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचा मंद तांबूस ठिपका अंधारात दिसतो, पण प्रकाश लांब जातो. ९४० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, मात्र त्याची पोहोच कमी आणि चित्र अधिक दाणेदार. हंगामात एकच मोठा नर हवा असलेल्या शिकाऱ्याला तो बुजू नये याची काळजी असते. आपल्याला नुसते कोण येते ते पाहायचे आहे आणि वाट अरुंद आहे. माझ्या मते ८५० बरा. कॅमेरा चोरीला जाण्याची भीती असेल तरच ९४० घ्यावा.

शिकारीसाठी हे कॅमेरे वापरण्याबद्दल येथेही एकमत नाही. ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामासाठी ट्रेल कॅमेरे वापरण्यास बंदी केली आहे. प्राण्याला निसटण्याची न्याय्य संधी मिळाली पाहिजे, हे येथील शिकारीचे जुने तत्त्व आहे, आणि प्रत्येक पाणवठ्यावर कॅमेरा बसला की ती संधी उरत नाही, असा त्यामागचा विचार होता. कोरड्या प्रदेशात पाणवठे मोजकेच असतात, त्यामुळे तो मला पटतो. मी स्वतः हंगाम सुरू झाला की माझे कॅमेरे उतरवतो.

उत्तर – हिरवा हातोडा

मी वनसेवेतून निवृत्त झालो आहे. शेजाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत द्यावे असे वाटते, कारण अशा साध्या विचारण्यातून माणसे अडचणीत आलेली मी पाहिली आहेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबत कलम ११ खाली अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, पण ती परवानगी अटींसह मिळते. कॅमेऱ्यात दिसले म्हणून मारले, याला ती लागू होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शिकारीच्या कायदेशीर व्याख्येत फासे लावणे, हाकणे आणि आमिष दाखवणे हेही येते. परदेशी चित्रफितींत कॅमेऱ्यापुढे मका किंवा मिठाचा खडा ठेवलेला दिसतो. आपल्याकडे ते करू नये. आपल्या मालकीच्या जमिनीवर, नुसते कोण येते ते पाहण्यासाठी कॅमेरा लावण्यात अडचण नाही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मात्र परवानगीशिवाय लावता येत नाही.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग नुकसानभरपाईच्या वेळी होतो. पंचनाम्यात ठसे, विष्ठा आणि उकरलेली जागा पाहिली जातेच, पण तारीख-वेळ अचूक असलेले छायाचित्र सोबत असले की वनरक्षकाचे आणि शेतकऱ्याचे दोघांचेही काम सोपे होते. त्यासाठी घड्याळ बरोबर असणे मेगापिक्सेलपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे.

आपण खिंडारांबद्दल लिहिले म्हणून एक आठवण सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातच एका बागायतदाराने मला आपल्या कॅमेऱ्यातले छायाचित्र दाखवले होते. तो भेकर दाखवत होता. भेकराच्या मागे गडग्याच्या खिंडारात, दोन दगडांच्या मध्ये, दुचाकीच्या ब्रेकच्या तारेची एक गोल वेटोळी दिसत होती आणि तिचे टोक करवंदीच्या बुंध्याला बांधलेले होते. डुकरासाठी कोणीतरी लावलेला फासा होता तो. कोकणात असे फासे डुकरांसाठी लागतात आणि त्यांत बिबटे अडकून मरतात. आपण रोज सकाळी ठसे पाहायला जाता, तेव्हा खिंडाराच्या दोन्ही कडांना हात लावून तार आहे का तेही पाहत जा. तार मिळाली किंवा बंदूकधारी माणूस टिपला गेला, तर स्वतः कोणाला जाब विचारू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आणखी दोन गोष्टी. बिबट्याचे किंवा खवल्या मांजराचे छायाचित्र मिळाले, तर ते गावाच्या नावासह समूहांवर पाठवू नका. खवल्या मांजराच्या खवल्यांसाठी चोरटी शिकार होते आणि जागा कळणे एवढेच त्या लोकांना हवे असते. दुसरे म्हणजे, कॅमेऱ्याच्या टप्प्यात पऱ्याकडे जाणारी पायवाट येत असेल तर तो वळवा. त्या वाटेने बाया लाकडाला, पाण्याला आणि आडोशालाही जातात. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकाने केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे तेथील स्त्रियांचे जंगलात वावरणे, बोलणे आणि गाणेसुद्धा कसे आक्रसले ते त्यात नोंदवले आहे. वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन कॅमेरा कोठे आहे ते आपण आधी सांगावे.

प्रश्नकर्त्याची पुढील नोंद – काजूबाग, संगमेश्वर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. सांगितलेले बहुतेक सगळे करून पाहिले आणि सोळा दिवसांनी पुन्हा लिहीत आहे.

चुन्याच्या रेघांची चाचणी दिवसा आणि रात्री केली. दिवसा माझा पाय दुसऱ्या रेघेवर आला, रात्री चौथ्या रेघेच्या पुढे. म्हणजे खोक्यावरचा आकडा दिवसाही पूर्ण खरा नाही आणि रात्री तर सेकंदाजवळ जातो. दिनदर्शिकेच्या पानावर मोठ्या आणि मधल्या आकारात काहीच फरक दिसला नाही, म्हणून मधला ठेवला.

मग कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला, साडेतीन मीटर मागे घेतला, ४५ अंशांत वळवला आणि गवत कापले. नव्या जागी तोंड उत्तरेकडे आहे. सोळा रात्रींत साळिंदर मातीवर पाच वेळा उमटला आणि कार्डावर चार वेळा आला. डुकरे तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा तोंडापासून शेपटीपर्यंत पूर्ण दिसली. सुरण डुकरे खातात, सुपारीचे कोंब साळिंदर खातो. वडील आणि गडी दोघेही बरोबर होते. दुपारची रिकामी छायाचित्रे चारशेवरून चाळीसच्या आत आली. पाचव्या दिवशी मातीवर जवादी मांजराचे बोटभर ठसे होते, पण कार्डावर त्या रात्री काहीच नव्हते. तेवढा लहान प्राणी हा कॅमेरा साडेतीन मीटरवरून धरत नाही असे दिसते.

खिंडारांच्या कडांना हात लावून पाहिले. वरच्या दोन्ही खिंडारांत काही नव्हते. तिसऱ्यात, पऱ्याच्या बाजूला, गंजलेल्या तारेचा तुटका तुकडा करवंदीला गुंडाळलेला मिळाला. तो जुना होता, पण होता. १९२६ वर कळवले, वनरक्षक येऊन पाहून गेले आणि तुकडा घेऊन गेले. शेजाऱ्याला कलम ९ बद्दल सांगितले आणि भरपाईच्या अर्जासाठी माझ्या कार्डावरची छायाचित्रे त्याला देऊ केली, कारण डुकरे त्याच्याच बांधावरून येतात.

तीन नग घेण्याचा विचार सोडला आहे. याच जातीचा आणखी एकच घेईन आणि पऱ्याकडच्या खिंडारासाठी आठ सेलचा, थोडा मोठा कॅमेरा पाहीन. आगोटीपूर्वी तो कॅमेरा लावावा की पाऊस संपेपर्यंत थांबावे, एवढाच प्रश्न उरला आहे.

उत्तर – पाणवठ्यावरची पाटी

जवादी मांजराची चूक आपण वहीत टिपली हे फार चांगले केले. एक कॅमेरा दोन मीटरवर, आणखी खाली, वीतभर उंचीवर लावून पाहा. मात्र तेवढ्या जवळून रात्री प्रकाश फार होऊन प्राणी पांढरा पडतो, म्हणून दिव्यांच्या अर्ध्या भागावर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावा. संवेदकावर ती येऊ देऊ नका.

नवा कॅमेरा आगोटीपूर्वीच घ्या, पण जूनमध्ये पऱ्याच्या काठावर लावू नका, कारण पाणी कोठपर्यंत चढते ते आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पहिले दोन महिने तो पडवीत, वळचणीखाली, घराच्या मागच्या वाटेकडे तोंड करून ठेवा. रबर, दार आणि सेल दमट हवेत कसे टिकतात ते तेथे रोज डोळ्यांसमोर दिसेल आणि काही बिघडलेच तर हमीची मुदत शिल्लक असेल. चाळलेल्या मातीचा पट्टा तेथेही घाला. वळचणीखाली पाऊस लागत नाही, ठसे राहतील.